वाघ्याने ओकलेले मोदक

चहा घ्या, आमच्या वाघ्याची गंमत सांगतो. गणपतीत काकीने नैवेद्याला एकवीस मोदक करून ठेवलेन आणि केळीचं पान आणायला परसात गेली. येऊन बघते तर पातेलं रिकामं. तिने थेट माझा कान धरलान.

"मेल्या, देवाच्या आधी तू?"

"मी नाय गो काकी, शप्पत."

"तुझ्या शपथेवर मांजरसुद्धा विश्वास ठेवायची नाय. आज तुला जेवण नाय."

इतक्यात अंगणात आमचा कुत्रा, वाघ्या, भडाभडा ओकायला लागला. काकी रडकुंडीला आली. "कुणीतरी विष घातलंन माझ्या वाघ्याला."

मुंबईहून बोटीने आलेले काका वाकून बघतात तर अख्खेच्या अख्खे मोदक. "विष कसलं? न चावता गिळलेन हावरटाने. पोट हलकं झालं, आता बरा होईल."

खरंच, घटकाभरात वाघ्या शेपूट हलवायला लागला. काकी मला म्हणाली, "उगाच बोलले रे तुला." तिने नवे मोदक केलेन, नैवेद्य झाल्यावर पहिले पाच माझ्या पानात वाढलेन, वर तूप.

मी मान खाली घालून खात होतो. वाघ्या दारात बसून माझ्याकडे टक लावून बघत होता. एकविसातले सोळाच त्याने ओकले होते. बाकीचे पाच कुठे गेले, ते घरात आम्हा दोघांनाच ठाऊक.