फिटिंगची बाई

—नाही गं, चपला राहू देत, स्वेटर तेवढा काढ. जाड कपड्यावरून टेप धरलेला आमच्या कटिंग मास्तरांना चालत नाही. हात वर — अशी. काम काय असतं म्हणालीस? काम म्हणजे उभं राहायचं, दुसरं काय! नवा कपडा हजारोंनी कापायच्या आधी एका बाईच्या अंगावर घालून बघतात. ती बाई मी. चौदा वर्षं झाली. पुतळा आहे की तिकडे कोपऱ्यात, पण पुतळ्याला खाली बसता येत नाही, काखेत काचतंय हे सांगता येत नाही. म्हणून जिवंत बाई लागते — फक्त तिचं माप पुतळ्यासारखं कधी बदलता कामा नये. इथंच घोडं पेंड खातं.

वळ जरा. पायाकडे बघतेस ना माझ्या? या प्लास्टरमुळेच तर तुला बोलावलंय. तीन आठवड्यांपूर्वी या चौथऱ्यावरून उतरले — वीतभर तर उंची आहे — आणि हाड कट्‌कन मोडलं. घसरले नाही, पडले नाही, नुसती उतरले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघितला आणि माझं वय विचारलं. छत्तीस म्हटलं, तर पुन्हा विचारलं. म्हणे हाडं सत्तरीतली दिसतायत. पाळी शेवटची कधी आली? मी म्हटलं, आठवत नाही, कटकट गेली म्हणायची. त्या हसल्या नाहीत. नाडी धरून बसल्या कितीतरी वेळ, म्हणाल्या, तुमचं हृदयसुद्धा दमलंय, बाहेरून मिळत नाही म्हणून शरीर आतलंच खातंय. मी म्हटलं, बाई, मी खाते हो — श्वास सोड गं, धरून ठेवू नकोस, सगळ्याजणी पहिल्यांदा तेच करतात — तर, ‘मी खाते’ असं सांगायची इतकी सवय झालीय की माझं मलाच खरं वाटतं.

आधी अशी नव्हते मी. जेवायला बसले की सासूबाई म्हणायच्या, पातेलं लपवा! मुलगी झाली, सुट्टी संपवून परत आले, तर कंबर अर्धा इंच जास्त. मास्तर माणूस वाईट नाही, कधी आवाज चढवून बोलले नाहीत, टेप गुंडाळत म्हणाले, ताई, महिनाभर बघू. तेवढंच. तो अर्धा इंच मी घालवला. मग वाटलं, थोडा हातचा असू दे. मग तो हातचाही पुरेना. आमच्या ह्यांना सांगायचे, कारखान्यात जेवले. इथं सांगायचे, घरून जेवून आले. दोन्हीकडे जेवलेली बाई, आणि जिना चढताना कठडा सुटत नाही! केस न्हाणीत मुठीमुठीने जातात, भर उन्हात बोटं गार — लागली ना तुला? सॉरी हं. आणि आता तर — हे मास्तरांना बोलू नकोस — आता इथले कपडे मलाच ढगळ होतात. आतून कापडाची पट्टी गुंडाळते मी, मापाला यायला. म्हणजे नोकरीसाठी उपाशी राहायची गरज कधीच संपली, कळलं? तरी घास तोंडाशी नेला की छातीत धडधडतं, चोरी करताना पकडल्यासारखं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मुलगी? तेरावं चालू आहे. गेल्या महिन्यात माझ्या पिशवीतला टेप घेऊन आरशासमोर उभी. ‘आई, मागून धर ना.’ आणि मी धरला गं. सवयीने. आकडाही मोठ्याने सांगितला. तोंड एवढंसं झालं तिचं. नंतर कपाट आवरताना तिचे डबे सापडले — तीन, झाकणं घट्ट, आत भाताला बुरशी. रागावणार होते, पण कुठल्या तोंडाने? ती म्हणाली, ‘मी खाते गं आई.’ सूरसुद्धा माझाच.

हेही मी डॉक्टरीणबाईंना सांगून बसले. त्या म्हणाल्या, हे नखरे नाहीत, आजार आहे, जिवावर बेतू शकतो, पण बरा होतो. तुमच्यामुळे झालं की नाही, ते नंतर बघू, आधी दोघी या, सोमवारी. सोमवारी कशी जाणार? सोमवारी फिटिंग असतं. दोन सोमवार गेले, भिंत धरून एका पायावर उभी राहिले.

झालं बघ. सोडते टेप. — नेमकं आलं गं! केसभर इकडे नाही, तिकडे नाही. पट्टीबिट्टी काही नको तुला. मास्तर आजच ठेवून घेतील, आणि मी सुटले. सोमवारी सुटले, मंगळवारी सुटले, मग सकाळी उठून कुठं... थांब, कार्डावर लिहू दे.

काय बघतेस? हो, एक इंच जास्त लिहिला. तुझ्या भल्यासाठी. एकोणिसाव्या वर्षी कशाला पडतेस यात? माझं एवढं सगळं ऐकलंस ना? तुझ्या भल्यासाठीच लिहिलं. दुसरं काय कारण असणार?

काय म्हणालीस? माझी जागा जाईल म्हणून?

स्वेटर घाल. बटणं जिन्यात लाव, निघ. — अहो मास्तर, या, झालं माप. नाही हो, कंबर इंचभर जास्त भरते हिची. राहू द्या, कशाला दुसरी बघताय? स्टूल द्या इकडे, मी चढते. मी आहे ना.