कानाचं काम

मी शिरूरची. मिशन कंपाउंडात जन्म झाला माझा, बाप मिशनच्या शाळेत शिपाई व्हता, पन आई कवा शिपाई म्हनायची न्हाई, घंटा द्यायला हायत म्हनायची, शाळा त्यांच्या घंटेवर चालती म्हनायची. माझं नाव सुशीला. सातवीपातुर शिकले. आन् पयलंच सांगते ताई, मला लहानपनापासून मूर्तीची आवड व्हती आसं काय लिहू नका, सगळे तसंच लिहित्यात. मला शिवनाची आवड व्हती. मशीन काय मिळाली न्हाई, माती मिळाली.

लगीन झालं ते दौंडला. सासरे रेल्वेत पेंटर, मालगाडीच्या डब्यांवर नंबर काढायचे, आन् घरी पोराला पाटीवर तेच काढायला लावायचे, आकडा एका दमात आला पायजे, मधी हात उचलला की चूक. तिथनं ह्यांचा हात वळला. हे म्हंजी आमचे मालक, भास्कर नाव, आता घेते, पयलं घेत न्हवते. तर हे आकड्यांवरनं दुकानाच्या पाट्यांवर आले, पाट्यांवरनं गनपतीच्या कारखान्यात रंगाला गेले, आन् रंग देता देता मातीत शिरले. तवा घरात लई बोंबाबोंब झाली. आमच्या ख्रिस्ती लोकांत मूर्ती करायची मनाई, देवळात आमच्या कुठली मूर्ती नसती, आन् पोरगं बसलंय सोंडा करत. पाळकसाहेब घरी आले, चहा प्याले, समजावून सांगितलं. शेवटी हे म्हनले, साहेब, मग मी मानसं करतो, मानसाला तर मनाई न्हाई ना. पाळकसाहेब काय बोलले न्हाईत, आन् सासूबाई म्हनल्या गप बसले म्हंजी हो म्हनले. तवापासून मानसंच केली ह्यांनी.

मेलेली मानसं. आमच्या हिकडं बगा, वस्तीवस्तीवर घराम्होरं बापाचा पुतळा बसवायची पद्धत पडलीय, छातीपातुरचा, खाली फरशी, वर छत्री. आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं आन् पाबळ, भांडगाव, कुठनं कुठनं लोकं यायला लागली फोटो घिऊन. फोटो म्हंजी काय, कुनाच्या लग्नातल्या घोळक्यातनं कापलेला, न्हाईतर आधार कार्डावरला. आधार कार्डात कुनी बी चोरावानी दिसतंय, त्याच्यातनं ह्यांनी मानूस काढायचा. वर पोरं सांगनार, नाना जरा रुबाबात दिसू द्या, मान ताठ ठेवा, मिशा भरा. जिवंतपनी बापाला चहा इचारला नसंल, आन् आता म्हनं मिशा भरा.

मी माती मळायचे. कनकीवानी मळायची, बारीक खडा बी ठेवायचा न्हाई, खडा राहिला की तो नेमका गालावर येतो. आन् कान कसा लागला माझ्या मागं ते सांगते. फोटो समोरनं काढलेला, कान दिसतच न्हाई, त्यात टोपी न्हाईतर फेटा, निम्मा कान झाकलेला. हे आपले डोकं धरून बसलेले. मी म्हनले, आवो मग पोराचा बगा की, कान बापावर जातो. माझा आन् माझ्या बापाचा कान सारखा हाय, पाळी चिकटलेली, हे बगा. हे हसले, म्हनले मग तूच कर. केला. तवापासून तोंड ह्यांचं आन् कान माझे, पंचवीस वर्सं झाली. गिऱ्हाईक आलं की मी चहा घिऊन जायचे आन् त्याचे कान बगायचे. एकदा भांडगावच्या एका पावन्याला वाटलं मी त्याच्या कानातल्या बाळीवर डोळा ठिवून हाय, त्यानं गुपचूप बाळी काढून खिशात घातली. हे पोट धरून हसले त्या दिवशी. लाडात आले की मला हाक बी तशीच मारायचे, ए कान, हिकडं यी. तुमचे बी बगितले मी मगाशी, रागवू नका.

आता पुढचं सांगते. नाताळाच्या आधीची गोष्ट. कवठे येमाईच्या एका आप्पांचं काम आलं व्हतं, आप्पा वारलेले, त्यांचा पोरगा, दादा, वर्सश्राद्धाला पुतळा बसवायचा म्हनून मागं लागलेला. फोटो आधार कार्डाचाच. ह्यांनी मातीत सगळं उभं केलं, ओठ तेवढे राहिले व्हते, आन् मी कान लावले व्हते दादाचे बगून. दादाला व्हॉट्सॅपवर फोटो धाडला, त्यानं आंगठा दिला, लई भारी. पन ह्यांची एक सवय व्हती. मेलेल्याची बायको आसंल तर तिला दाखवल्याबिगर हे म्होरं जायचे न्हाईत. पोराला बाप ठावा नसतो म्हनायचे, बायकोला ठावा असतो. आन् आप्पांच्या बायकोकडं, त्या आजीकडं, कुठला फोन, म्हनून हे मोबाइल घिऊन स्वतः कवठ्याला जाऊन आले. दुपारी आले, भाकरी खाल्ली, शेडात आले. मी मातीवर पानी मारत व्हते. हे म्हनले, अगं, त्या आप्पांच्या कानाचं एक राहिलंच सांगायचं. मी म्हनले, काय झालं माझ्या कानाला? आन् मागं बगते तर हे खाली बसत चाललेले, हळूहळू, जसं कुनी पोतं ठेवतंय.

लकवा. उजवी बाजू गेली आन् वाचा गेली. पुन्याला अठरा दिवस व्हते. नवव्या दिवशी पयला शब्द काढला, कान. मला लई आनंद झाला वो, नर्सबाईला मिठी मारली मी, म्हनले बोलले, कामाचं बोलले. मग पानी पायजे तरी कान. लघवीला पायजे तरी कान. लेक आली सासरवरनं, तिच्या डोक्यावर डावा हात ठिवला आन् म्हनले कान. डॉक्टर म्हनले, काही लोकांचं आसं व्हतं, एकच शब्द राहतो, त्यांना वाटतंय आपन बरोबर बोलतोय, पन तोंडातनं तेवढाच पडतो. मी इचारलं दुसरा कवा यील? डॉक्टर म्हनले, बगू. बगू म्हंजी काय ते मला कळतंय.

घरी आनलं. माती तशीच व्हती, शेजारनीनं ओलं पोतं घालून जतन केलेली. माती वाळली की चिरा जात्यात, मग सगळं गेलं. मी रोज पानी मारायचे आन् ह्यांना खुर्चीवर बसवून पुतळ्याम्होरं आनायचे. इचारायचे, आवो काय राहिलं व्हतं कानाचं? हे डाव्या हातानं पुतळ्याकडं दाखवायचे आन् म्हनायचे कान. मी पाळी लांब केली. ह्यांनी मान हालवली, न्हाई. पाळी आखूड केली. न्हाई. दोन्ही कान कापून परत केले, सात वेळा केले ताई, सात वेळा. कान कान कान. एकदा मी माझाच कान ह्यांच्या तोंडाला लावला, म्हनले सांगा हळूच, कुनी न्हाई हितं. त्यात बी कानच म्हनले. मग रडले. मी बी रडले, पन मला राग बी आला, खोटं कशाला बोलू, म्हनले जगात एवढे शब्द, नेमका माझाच कसा धरला तुम्ही?

एक दिवस ह्यांच्या डाव्या हातात मातीचा गोळा दिला. ह्यांनी पुतळ्याची हनुवटी धरली आन् ढकलली, बाजूला ढकलत राहिले. हनुवटी चेपली. मला वाटलं हाताला ताबा न्हाई म्हनून चुकली. हात धरून खाली घेतला आन् हनुवटी परत नीट केली, सरळ. हे माझ्याकडं नुसते बगत बसले.

दादाचे फोन चालू व्हते. वर्सश्राद्ध जवळ आलं, मग ओठ मीच केले, देवाचं नाव घिऊन. साचा काढला, फायबर ओतलं, वर ब्रांझचा रंग दिला. माती तर साचा काढताना मोडलीच. न्यायच्या दिवशी दादा टेम्पो घिऊन आला आन् आजीला बी घिऊन आला. दादा म्हनला, काकू, एक नंबर, जिवंत आप्पा. आजीनी फिरून फिरून बगितलं. मग म्हनल्या, बाई, तुमच्या मालकांना मी सांगितलं व्हतं की. आमच्या ह्यांना उजव्या कानानं ऐकू यायचं न्हाई. कुनी बोललं की डावा कान म्होरं करायचे, मान आशी कलती व्हायची. चाळीस वर्सं मला मान कलती करूनच बगितलं त्यांनी. सरळ कवा बगितलंच न्हाई.

मी कान बगत बसले आन् ह्यांनी मान सांगितली व्हती. हनुवटी चेपली न्हवती, फिरवत व्हते. आता फायबरची मान फिरती व्हय? मातीत असती तर आतली सळई वाकवून बगितली असती, रात्रंदिवस खपले असते. दादाला तर काय पत्ताच न्हाई, तो म्हनतोय, आये, पुतळ्यात कुनी मान वाकडी ठेवतं का, ताठच पायजे. आजीनी माझा हात धरला, म्हनल्या, राहू दे बाई, तू काय करशील, आता तरी त्यांना सरळ बगू दे माझ्याकडं. आन् गेल्या टेम्पोत बसून, म्होरं ड्रायव्हरशेजारी, मागं आप्पा.

मी आत येऊन ह्यांच्या पायाशी बसले. म्हनले, मान व्हती ना? डावा कान म्होरं, आसंच ना? मान कलती करून दाखवली. हे हसले. न्हाईतर रडले. आर्धं तोंड हालतच न्हाई, त्यामुळं हसनं कुठलं आन् रडनं कुठलं मला कळत न्हाई आता. म्हनले, कान. तेच आसंल तर उशीर झाला, आन् दुसरंच काय आसंल तर ते ह्यांच्यापाशीच राहिलं.

त्याला झाले चार महिने. लोकं येत्यात आजून, फोटो घिऊन. मी म्हनते, तोंड करनारे आजारी हायत, कान तेवढे करून देईन. नुसते कान कोन नेतंय? चहा पिऊन जात्यात. आन् सवय जात न्हाई, जाताना मी त्यांचे कान बगून घेते.

सांजच्याला आम्ही दोघं प्रार्थनेला बसतो. पयलं हे म्हनायचे, मोठ्या आवाजात, आता मी म्हनते. आजीसाठी मागते, लेकीसाठी मागते, तुमच्यासाठी बी मागीन ताई, तुमचे हातपाय आन् वाचा शाबूत राहू दे. शेवटी आमेन म्हनायचं तिथं मी थांबते, ह्यांना म्हनू देते. हे डोळे मिटत्यात आन् म्हनत्यात, कान. लई मनापासून म्हनत्यात. काय मागत्यात ते देवाला समजत आसंल. मला न्हाई समजत.