सावलीत पांढरी, उन्हात जांभळी

(धुळे, देवपूर. १९९२चा चैत्र. झुलालच्या सूत रंगवायच्या कारखान्यात त्याची थोरली बहीण सुगंधाबाई आणि मेहुणे जीवराम एरंडोलहून आले आहेत.)

सुगंधाबाई : उंदीर? झुला, पिंप्राळ्याच्या सोयऱ्यांले तू सांगितलं, अक्काच्या घरमा उंदीर फार शेतं?

झुलाल : 'फार' नव्हतो म्हणालो, अक्का. 'असतील, खाटेची नवार कुरतडली असेल' म्हणालो.

जीवराम : मना घरमा उंदीर नाही म्हणून मांजर शेजारी राहायले गेलं, भाऊ.

झुलाल : दाजी, तुम्ही तरी समजून घ्या. मुलाचे आजोबा खाटेतून थेट खाली गेले. पाय वर, टोपी गव्हाणीत. कुणीतरी काहीतरी बोलायला नको?

सुगंधाबाई : बोलायले आमचीच इज्जत सापडली तुले? सुपारी फोडायले बठ्ठे बसले व्हते. मनी पोर लता चहा घेऊन दारात आली, अन् खाटेची नवार फाटली पापडासारखी. आता ते म्हणतात, पोरीचा पायगुण. स्थळ मोडलं रे.

झुलाल : नवार जुनी झाली की...

सुगंधाबाई : जुनी? दिवाळीले तूच आणली भाऊबीजेची ओवाळणी. नायलॉनची, सावलीत पांढरी, उन्हात जांभळी.

जीवराम : बठ्ठी गल्ली पाहायले लोटली. रोज खाट अंगणात काढायची, जांभळी करून दाखवायची. आत न्यायची, पांढरी करून दाखवायची. मास्तर तर आख्खा वर्ग घेऊन आले. मी त्या खाटेवर झोपलोच नाही, तिची हमाली केली.

झुलाल : रोज उन्हात काढली?

सुगंधाबाई : तूच सांगितलं व्हतं, ऊन दाखव, रंग फुलतो.

झुलाल : फुलतोच ना.

सुगंधाबाई : मग एक सांग. बठ्ठे खाटेवर बसले. नवरीचा मामा म्हणून तुले हात धरून बसवत व्हते. तू का नाही बसला?

झुलाल : गुडघा दुखत होता.

सुगंधाबाई : गुडघा दुखतो म्हणून माणूस उभा राहतो?

जीवराम : अन् तुनी बायको टेकायले लागली, तर तू तिचा पदर वढला. मी पाहिलं. माले वाटलं, काय मर्यादा पाळतो हा माणूस!

सुगंधाबाई : बोल, झुला.

झुलाल : अक्का, हा रंग साधा नाही. सुरतेहून पूड आणली मी. उन्हात हा रंग उघडतो, सावलीत मिटतो. या उघडझापीत तो ऊन पितो, आणि त्याचा सगळा त्रास धाग्याला होतो. नायलॉन वरून झकास दिसतं, आतून ठिसूळ होत जातं. म्हणजे दर वेळी होईलच असं नाही. पण इथे गच्चीवर पट्ट्या टांगून बघितल्या होत्या, खाली विटांची टोपली लावून. साधी पट्टी भरली टोपली पेलायची. ही थोडे दिवस ऊन खाल्लं की अर्ध्या टोपलीलाच तटकन तुटायची.

सुगंधाबाई : कधी बघितलं हे?

झुलाल : दिवाळीच्या आधी.

जीवराम : आधी!

झुलाल : पण दाजी, वीट गप्प पडून राहते. माणूस उठतो, बसतो, कुशीवर वळतो. खरी परीक्षा घरातच होते. आणि परक्याच्या घरी कसं द्यायचं? काही झालं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

जीवराम : बराबर. आमच्याकडे तोंडाचा प्रश्नच नाही.

झुलाल : मी काळजी घेत होतो! दर पत्रात विचारत नव्हतो का, खाट कशी आहे, बसताना करकरते का, दाजी कुठल्या कुशीवर झोपतात?

सुगंधाबाई : माले वाटे, भाऊ आमची खुशाली विचारस. गल्लीत पत्रं वाचून दाखवली मी. म्हटलं, पहा, एवढा मोठा कारखानदार झाला, पण बहीण कशी झोपते ते विचारतो.

झुलाल : अक्का, रडू नको. कामगार बघतायत.

सुगंधाबाई : चाल मग, आत्ता पिंप्राळ्याले चाल. सोयऱ्यांले एवढंच सांग, पोरीचा पायगुण नाही, मना रंगाचा दोष शे. लताचं लगीन अजून जमंल.

झुलाल : तेवढं सोडून काहीही सांग.

सुगंधाबाई : का?

झुलाल : मुलाचे काका, रतिलालशेठ. जळगावला त्यांचं खाटा-पलंगांचं दुकान आहे. त्यांना ही नवार विकायला ठेवायची आहे.

जीवराम : स्वतःचा बाप पडला तरी?

झुलाल : उंदरांनी कुरतडली म्हटल्यावर त्यांचा नवारीवर काही रागच राहिला नाही.

सुगंधाबाई : बठ्ठा लतावर राहिला.

झुलाल : लतासाठी याहून चांगलं स्थळ बघतो मी. शब्द देतो. आणि अक्का... ती फाटलेली नवार फेकली नाही ना? नेमकी कुठे तुटली, ते बघायचं होतं.

जीवराम : चाल वं, एरंडोलची गाडी निघून जाईन.

झुलाल : असं रागानं जाऊ नकोस. आखाजीच्या सणाला घ्यायला येतो. माहेरी येशील ना?

सुगंधाबाई : येईन. माय शे ना घरमा. पण झुला, आता तुना घरमा टेकायच्या आधी मी हातानं दाबून पाहीन.