वजन चुकीचे आहे

(नोएडातलं ऑफिस. दुपारचे सव्वाचार.)

सुनीती : सात वेळा, श्रीरंग! हॉस्पिटलमध्ये लता सिस्टरांनी एका नवजात बाळाला सात वेळा काट्यावर ठेवलं. दुसऱ्या वॉर्डातला काटा मागवला. आणि सलाइन किती द्यायचं ते सांगणाऱ्या ॲपचं आपलं एकच, ‘वजन चुकीचे आहे’!

श्रीरंग : पण ताई, शेवटी हातानं हिशेब करून सलाइन दिलं ना त्यांनी? बाळ ठीक आहे.

सुनीती : बाळ ठीक आहे. सिस्टरांना मेमो मिळालाय. चुकीची नोंद, चाळीस मिनिटं उशीर. पाचला मेट्रनपुढे उभं राहायचंय त्यांना. आता सांग, वजन बरोबर होतं?

श्रीरंग : बिल्कुल बरोबर. बाळ मुदतीआधी झालंय. आपली लायब्ररी, म्हणजे आपला हिशेबाचा कोड, वय मोजते बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून. वय आलं उणे, मग सलाइनही उणे.

सुनीती : आणि तू ते वजनावर ढकललंस. उत्तर उणे आलं की ‘वजन चुकीचे’ दाखव, असंच लिहिलंस.

श्रीरंग : यार ताई, तुम्हीच म्हणालात ना, आपली लायब्ररी हॉस्पिटलच्या ॲपच्या पोटात बसते, तिनं अख्खं ॲप बंद पाडायचं नाही!

सुनीती : नाहीच पाडायचं! कुणी वजनाच्या जागी फोन नंबर टाकला, तर सांग त्याला, वजन चुकलं. तो सुधारेल. पण आपलंच गणित आतून फिरलं, तर समोरच्यानं काय सुधारायचं? काटा? बाळ? तिथे सरळ सांगायचं, बिघाड आमच्यात आहे, हा हिशेब वापरू नका.

श्रीरंग : असं वाचलं की क्लायंट घाबरतात.

सुनीती : घाबरू देत. सिस्टरांनी पहिल्याच मिनिटाला कागद-पेन घेतलं असतं.

श्रीरंग : ओके. उद्यापर्यंत फिक्स करतो.

सुनीती : ते नंतर. आधी मेट्रनबाईंना मेल. वजन बरोबर होतं, चूक आमची.

श्रीरंग : विनायक सर मॅनेजर आहेत, ते खाऊन टाकतील मला. ‘तांत्रिक कारण’ लिहू?

सुनीती : तांत्रिक कारणाला कुणी मेमो देत नाही रे. सिस्टरांना देतात.

श्रीरंग : ...अच्छा. खाली टीमचं नाव?

सुनीती : चालेल.

श्रीरंग : नको. ती ओळ मी लिहिली होती. माझंच टाकतो.

सुनीती : ...गेलं?

श्रीरंग : गेलं. आता सिस्टरांचा नंबर द्या ना. ...हॅलो, लता सिस्टर? मी नोएडाहून श्रीरंग. तुमचं वजन... सॉरी, बाळाचं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.