सुई न देणारा डॉक्टर

मानोऱ्यातल्या एका दवाखान्यात पौर्णिमा बावीस नंबरची, म्हणजे शेवटची, चिठ्ठी मुठीत धरून बसली होती. पुढच्या बाकावर म्हातारा ग्यानबा शेजारच्या कुलसुमभाभीला नव्या डॉक्टरचे गुन्हे सांगत होता, अन् पौर्णिमाचे कान आपोआप तिकडे लागले.

"भाभी, हा डाक्तर काही कामाचा नाही. मलेच इचारते, बाबा, काय होते? मले समजलं असतं तं मी कायले आलो असतो?"

"मंग सुई देल्ली का नाही?"

"कायची सुई! नाडी पाह्यली, पाय दाबून पाह्यले, जेवता काय, झोपता कवा, सारं इचारलं. वरून माह्या सात गोळ्यातल्या चार बंद केल्या."

"या अल्ला! अन् पह्यलेचा डाक्तर?"

"तो खरा डाक्तर! नाव सांगेपर्यंत सलाईन लटकवे. मान वर करून पाहे नाही."

"फरक पडे?"

"फरक नाही पडे, पन दवाखान्यात गेल्यावानी वाटे."

"आता चक्कर येते का?"

"चक्कर गेली. पन सुईबिगर गेली, तिचा काय भरोसा?"

"मंग आज काहून आले?"

"भांडाले."

एवढं बोलून ग्यानबा मागे वळला.

"पोरी, तुहा नंबर कितवा?"

"बावीस. शेवटचा."

"मंग माहा चौथा घे, तुहा मले दे."

"काहून, बाबा?"

"शेवटच्या पेशंटले तो घाई करत नाही. मांगच्या खेपेले माही बुढी कशी गेली, ते सारं आयकलं त्यानं. आज बैलाचं सांगाचं हाये."