कोर्ट उठेपर्यंत

कोर्ट उठतं म्हंजे किती वाजता उठतं, आबा? — न्हाय ना माहीत? मी वकिलाला विचारलं, शिपायाला विचारलं, कुणी सांगितलं न्हाय. बसा त्या स्टुलावर. ताम्हन दाखवतो की, पळून जात न्हाय. पण तुमीच म्हणालात ना — पोरगी वर्षभर माहेरी, कोर्टानं जावयाला दाराशी यायची बंदी केलीय, पण धोंड्याचा महिना हाय, जेवायला बोलवू, ताम्हन-दिवा देऊ, गार होईल. म्हणून विचारलं.

आमची ताई, प्रतिक्षा. सासर अंथुर्णे. कऱ्हाटीला आमच्याकडं आली ती हात गळ्यात बांधूनच. कोर्टानं दाजीला लेखी हुकूम दिला, घरापाशी फिरकायचं न्हाय. दाजी म्हंजे रविराज — अजून दाजीच येतं तोंडात, काय करायचं. एकदा आला, फाटक मोडून गेला. पोलिसांनी समज दिली. पुन्हा आला, स्टँडवर तिला केसाला धरून ओढली. लिहून घेतलं. मग मागचा धोंडा आला, तीन वर्षांपूर्वीचा, आन आमी त्याला जेवायला बोलावलं. आई नको म्हणत होती. आमी म्हंजे — मीच बोलावलं. ताईला विचारलं न्हवतं. मला वाटलं, मान दिला की माणूस वाकतो. तेहतीस धोंडे वाढले. टोपी-उपरणं केलं. पाय मी धुतले, मावसभावानं फोटो काढला. ताई स्वयंपाकघरातनं बाहेर आली न्हाय. तो पोटभर जेवला, ताम्हन घेऊन गेला, आन महिन्यानं कडी तोडून घरात घुसला.

केस उभी राहिली, चालली दोन वर्षं. शेवटी त्याच्या वकिलानं तोच फोटो साहेबांना दाखवला — सख्खा भाऊ पाय धुतोय, मग भीती कसली? तीनदा हुकूम मोडल्याची शिक्षा काय? थोडा दंड, आन कोर्ट उठेपर्यंत तितंच बसून राहायचं. बसला. मीबी बसलो, म्हटलं शिक्षा बघू तरी कशी असती. त्यानं जांभया दिल्या. नखं कुरतडली. एकदा खुणेनं विचारलं, पाणी हाय का? मी बाटली दिली. व्हय, दिली — हात पुढं झाला सवयीनं. साहेब उठले, तो उठला. झाली शिक्षा.

नवव्या दिवशी चौथ्यांदा आला. ताई मांडवात कारली तोडत होती. आवाज झाला, आईला वाटलं, मांडवाची तार तुटली. — आता आत हाय तो. आता कोर्ट उठलं तरी त्याला उठता येत न्हाय.

न्हाय आबा, ताम्हन ठेवतो परत. मालकाला काय सांगायचं ते मी सांगीन. नाव टाकायचं मशीन हाय की, हे काय समोर. दाजीला दिलेल्या ताम्हनावर ताई-दाजीची नावं मीच टाकली होती ह्याच मशीननं. तुमच्या पोरीचं न्हाय टाकणार. जावा, आधी तिला विचारा जावा.

ताईच्या तेराव्याला वाटायचे एकावन्न तांबे होते. आप्पा, आमचे वडील, म्हणाले, नवरा जिवंत हाय, रीतीनं 'कै. सौ.' टाक. मी नुसतं 'कै. प्रतिक्षा' टाकलं. एकावन्नच्या एकावन्न तांब्यांवर.