रोहा ते रोहा

म्हणे काढून टाका! तुम्हाला सांगतो, माझी आख्खी जवानी त्या गाडीत गेली आणि हा कॉम्प्युटर मला सांगतो, ही गाडी काढून टाका! का, तर ती रोह्याहून सुटते आणि रोह्यालाच येते म्हणून! अहो, पण गाडी सुटत होती का नाय?

झालं काय, मी पेणला कॉलेजात गणित शिकवतो. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आमच्या वेळच्या रोह्याच्या एसट्यांचा ग्राफ मांडला. स्टँड म्हणजे ठिपका, गाडी म्हणजे रेघ. मग सॉफ्टवेअरला सांगितलं, याचा लाइन ग्राफ काढ... म्हणजे आता प्रत्येक गाडीचाच ठिपका कर, आणि ज्या दोन गाड्या एका स्टँडवर भेटतात त्यांना जोड. सोपं! पेण गाडी झाली, कोलाड गाडी झाली, आणि या रोहा ते रोहा गोल गाडीपाशी आलं तर लाल अक्षरं! लूप चालणार नाही! म्हणजे ज्या ठिपक्यातून निघाली त्यालाच परत येणारी रेघ नको!

आमची विद्यार्थिनी सहर म्हणते, "सर, उडवा ना. नायतरी ती कुठंच जात नाय." कुठंच जात नाय? अगो, धाटावच्या कंपन्यांना वळसा घालून यायची ती, आणि मागच्या सीटवर मी आणि वैशाली, म्हणजे आताची आमची मिसेस! कंडक्टर मोरू मुद्दाम आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "रोहा ते रोहा, दोऽन!" शिफ्ट सुटलेली माणसं माना वळवून बघायची. घरी आई विचारायची, "कुठं गेलेलास?" "कुठंच नाय." खोटं होतं का, सांगा! पण गाडी सुटत होती का नाय?

बरं, लूप ठेवायचा तर नवीन भानगड. त्याचा ठिपका केला, पण तो स्वतःलाच भेटतो का? एक पुस्तक म्हणतं भेटतो, दुसरं म्हणतं छे, आणि सॉफ्टवेअर म्हणतं मला यात ओढू नका! शेवटी मीच कोड लिहिला, गोल गाडीचा ठिपका रोह्याच्या सगळ्या गाड्यांना जोडला... आणि काय सांगू, डोळे भरून आले हो! आता ना ती गाडी राहिली, ना मोरू.

प्रदर्शनाला वैशाली आली. चित्राकडे बघत म्हणते, "ही गोल गाडी व्हय? तू तिकीट काढायचास रोह्याचं, पण मला धाटावला उतरायचं असायचं, मावशीकडं. तू बोलायला लागलास की धाटाव मागं जायचं."

मी गारच! म्हटलं, "मग का नाय उतरलीस गो?"

"तुझं बोलणं संपलं की उतरेन म्हटलं," ती म्हणाली. "अजून संपतंय कुठं!"